तुटलेला शेंडा, गंजलेले गाइड आणि घरी बांधलेला रॉड

प्रश्न थोडक्यात असा आहे: मासे गरवायचा, दोन तुकड्यांचा, ७ फुटी, कार्बनचा स्पिनिंग रॉड शेंड्यापासून साधारण १० सेंमीवर मोडलाय. खाडीत आणि जेटीवर वापरून दोन गाइडच्या (दोरी ज्यांतून जाते त्या रिंगांच्या) पायांशी गंज उतरलाय आणि ब्रेडची, म्हणजे विणलेली, दोरी अधूनमधून विनाकारण तुटते. हाच दुरुस्त करावा, की कोरा ब्लँक (गाइड आणि मूठ नसलेली नुसती पोकळ दांडी) मागवून घरीच नवा बांधावा? घरी लेथ नाही, ड्रिल आहे.

आधी दुरुस्त करा, नव्याचं नंतर बघू. शेंडा बदलणं आणि दोन-तीन गाइड नव्याने बांधणं, यात नव्या रॉडचं जवळजवळ सगळं हातकाम येऊन जातं. दोरा गुंडाळताना हात चुकला, त्यावरचं एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, सुकून कडक होणारं द्रव) ओघळलं, तरी जुन्या रॉडवर ते परवडतं. कोऱ्या ब्लँकवर पहिला प्रयोग करणारे बहुतेक जण तो रॉड पुढे माळ्यावरच ठेवतात.

हात घालण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. रॉड शेंड्यापासून मुठीपर्यंत एका सलग बाकात वाकतो. त्या बाकात मध्येच कडक जागा आली की सगळा ताण तिच्या काठाशी गोळा होतो. एपॉक्सीचा जाड गोळा, गरजेपेक्षा लांब पायाचा गाइड, पोकळीत ठोकलेली सायकलची तार, हे सगळं हाताला मजबूत लागतं आणि पुढची मोड नेमकी त्याच्याच कडेला होते. तेव्हा दुरुस्ती जमली की नाही हे रॉड पुन्हा सलग वाकतो का यावरून ठरतं. सांधा किती टणक झाला, याला फारसा अर्थ नाही.

तुमची मोड १० सेंमीवर आहे, हा योगायोग नाही. ७ फुटी स्पिनिंग रॉडवर शेंड्याकडून पहिला गाइड बहुतेक तिथेच असतो, आणि रॉड त्या गाइडच्या दोऱ्याच्या वरच्या काठाशी मोडतो. कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नवा शेंडाही त्याच वाटेने जाईल. मोडलेल्या टोकाला लांब लांब कुसं निघाली असतील तर बहुधा ताण जास्त झाला. जेटीवर उभं राहून मासा वर घेताना रॉड थेट आकाशाकडे उभा केला की बुडख्याचा जाड भाग कामच करत नाही, सगळं वजन शेवटच्या वीतभर शेंड्यावर येतं. काकडी मोडावी तशी आडवी, स्वच्छ मोड असेल तर तिथे आधीपासून जखम होती असं धरा. शिसं फेकताना ते ब्लँकवर आपटलेलं असतं, गाडीच्या दारात शेंडा चेपलेला असतो, नाहीतर घरात रॉड जोडून बघताना छताच्या पंख्याने प्रसाद दिलेला असतो. कार्बनची जखम वरून दिसत नाही. ती आत दबा धरून बसते आणि महिन्याभराने अर्ध्या किलोच्या शिंगाळ्यावर रॉड जातो.

आता शेंडा. मोडलेली कुसं पक्कडीने कापू नका, नळी चेपते आणि तडा खाली उतरतो. मोडीच्या खाली, जिथे नळी पूर्ण गोल आणि धड आहे तिथे चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पट्टीच्या काठाला बारीक त्रिकोणी कानशीची धार टेकवून ब्लँक बोटांत फिरवत चारही बाजूंनी खाच पाडत जा. खाच पूर्ण झाली की तुकडा आपोआप सुटतो. टोक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी घालून सपाट करा. पाणी अशासाठी की कार्बनची सुकी धूळ फुफ्फुसात जाते आणि कातडीला खाज सुटते. मास्क हवाच.

पहिला गाइड तिथेच होता म्हणून तो काढून टाकायचा आणि त्याच्या जागी नवा टिपटॉप, म्हणजे अगदी टोकावरची रिंग, बसवायचा. यात एक फायदा आहे. दुसरा गाइड मूळ टोकापासून साधारण २१ सेंमीवर असतो, म्हणजे नव्या टोकापासून तो ११ सेंमीवर येतो. बाकीचे गाइड हलवायला लागत नाहीत. मोड ५ सेंमीवर असती तर पहिला गाइड टोकाच्या फार जवळ राहिला असता आणि तो खाली सरकवावा लागला असता. २५-३० सेंमी गेले असतील तर मात्र सगळी मांडणी नव्याने करावी लागते आणि हातात उरतो तो वेगळ्याच जातीचा, आखूड आणि ताठ रॉड. तुमच्या बाबतीतही शेंडा थोडा ताठ होणारच. रॉडवर ७ ते २८ ग्रॅम लिहिलं असेल तर ७ ग्रॅमचं आमिष आता पूर्वीसारखं लांब जाणार नाही. १२-१५ ग्रॅमच्या पुढे फरक जाणवत नाही.

टिपटॉपच्या नळीचं माप आतल्या व्यासाचं असतं. व्हर्नियरने कापलेल्या टोकाचा व्यास मोजा. जपानी पद्धतीत माप सरळ मिलिमीटरमध्ये येतं. अमेरिकन पद्धतीत ते इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं, म्हणजे ५ नंबर म्हणजे सुमारे २ मिमी आणि ६ नंबर म्हणजे सुमारे २.४ मिमी. नळी किंचित सैल चालते, घट्ट नको. ब्लँक तासून घट्ट नळीत बसवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण बाहेरचे तंतूच कापले जातात. चिकटवायला ग्लू गनची काडी घ्या. काडी लायटरवर मऊ करून टोकाला पातळ थर लावा, नळी पक्कडीत धरून रिंगेपासून दूरच्या टोकाला दोन-तीन सेकंद गरम करा आणि फिरवत बसवा. सरळ करायला दहाएक सेकंद मिळतात, तेवढ्यात रॉडच्या मागून एक डोळा मिटून बघा. ज्योत ब्लँकला लागू देऊ नका, त्यातलं रेझिन उष्णतेने मऊ पडतं. फेविक्विक किंवा पक्क्या एपॉक्सीने बसवलेला टिपटॉप पुढच्या वेळी निघत नाही, आणि पुढची वेळ येतेच.

ब्रेड विनाकारण तुटते त्याचं उत्तर बहुधा एखाद्या रिंगेत आहे. सिरॅमिकला गेलेली केसासारखी चीर डोळ्याला दिसत नाही. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक रिंगेतून गोल फिरवा. चीर असेल तिथे कापसाचा एखादा तंतू अडकून राहतो. बायकांच्या जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा याहून चांगला, तो लगेच धागा सोडतो. अशी रिंग बदलायचीच. घासून ठीक होत नाही. नवा गाइड घेताना अॅल्युमिनियम ऑक्साइडची रिंग खाडीच्या कामाला पुरते. सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण आणि गुळगुळीत आहे, पण महागही आहे. सिरॅमिक नसलेली, नुसत्या पॉलिश केलेल्या धातूची रिंग ब्रेडसाठी घेऊ नका, दोरीच तिला खाच पाडते. आमच्या मते पैसे रिंगेपेक्षा फ्रेमवर घालावेत. खाऱ्या हवेत रिंग टिकते, पाय गंजतो. गंज तरी येतो कुठून? एपॉक्सीला पायाच्या टोकाशी बारीक चीर पडते, खारं पाणी आत शिरतं आणि तिथे सुकत नाही. दोऱ्याखाली तांबूस रेघ दिसू लागली की तो गाइड काढायला झाला, वरून कितीही चकाचक दिसो.

काढायची रीत अशी. दाढीचं ब्लेड गाइडच्या पायावर ठेवायचं, ब्लँकवर कधीच नाही. पायाच्या धातूवरून लांबीच्या दिशेने कापत गेलं की ब्लेड स्टीलवर घासतं आणि कार्बन वाचतो. हेअर ड्रायरने एपॉक्सी मऊ करा, कापलेल्या रेघेत नख घाला, दोरा सालीसारखा निघून येतो. उरलेले पापुद्रे जुन्या एटीएम कार्डाच्या काठाने खरवडा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, तो ब्लँकवरचा मूळ थर खातो.

नव्या गाइडच्या पायाकडे आता नीट बघा. विकत मिळणाऱ्या गाइडच्या पायाचं टोक बोथट असतं, कधी त्याला खालून बारीक कोरही असते. तो तसाच बांधला तर दोरा पायावर चढताना पायरीवर अडतो आणि तिथे फट राहते. खालची कोर ब्लँकमध्ये रुतते ती वेगळीच. बारीक कानशीने टोक वरून उतरतं करा, अगदी कागदाइतकं, आणि खालची बाजू ६०० च्या पेपरवर घासा. ब्लँकवर पाय ठेवून दोन्ही बाजूंना प्रकाश दिसतो का ते बघा. पाय सपाट टेकला पाहिजे. या कामाला प्रत्येक गाइडमागे पाच मिनिटं जातात, आणि घरचं काम तकलादू का निघालं याचं अर्धं उत्तर या पाच मिनिटांत असतं.

दोरा नायलॉनचा हवा. हलक्या आणि मध्यम रॉडला ए जाडीचा, समुद्रातल्या जड रॉडला डी. रॉडचा दोरा मिळाला नाही तर मशीन भरतकामाचा चकचकीत, सलग धाग्याचा पॉलिएस्टर दोरा चालतो. शिवणाचा नेहमीचा दोरा तुटक तंतूंचा असतो, त्याचे केस एपॉक्सीतून वर डोकावतात आणि कितीही थर दिले तरी झाकत नाहीत. साधा नायलॉन एपॉक्सी लागताच पारदर्शक होऊन गडद दिसतो. लाल म्हणून आणलेला दोरा काळ्या ब्लँकवर तपकिरी दिसला की घाबरू नका. रंग जपायचा असेल तर रंग न बदलणारा दोरा वेगळा मिळतो, पण पकडीला साधाच बरा, कारण एपॉक्सी त्याच्या आतपर्यंत मुरतं.

बांधायला यंत्र लागत नाही. बुटांच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा पाडा, त्यात फडक्याचा तुकडा, त्यावर रॉड. दोऱ्याची रीळ वाटीत ठेवा आणि दोरा एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून बाहेर काढा. पुस्तकावर वजन कमी-जास्त केलं की ताण कमी-जास्त होतो. ताण किती? बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर गाइड किंचित सरकला पाहिजे, आणि रॉड हलवल्यावर सरकता कामा नये. घट्ट म्हणजे चांगलं, या समजुतीने पातळ शेंड्यावर दोरा करकचून आवळतात आणि पायाची कड ब्लँकमध्ये दाबतात. वर सांगितलेली दबा धरलेली जखम अशीही होते.

गाइडचा पाय चिकटपट्टीच्या बारीक पट्टीने ब्लँकवर धरून ठेवा. पायाच्या टोकापासून ४ मिमी अलीकडे, ब्लँकवर दोऱ्याचा पहिला वेढा घ्या. पुढचे पाच-सहा वेढे दोऱ्याच्या सुट्या टोकावरूनच न्या म्हणजे ते खाली दाबलं जातं, मग ते कापा. रॉड स्वतःकडे फिरवत दोरा गाइडच्या दिशेने नेत रहा. वेढे एकमेकांना चिकटून पडावेत, एकावर एक चढू नयेत. पायावर चढताना दोरा एखाद वेढा मागे सोडतोच. तिथे थांबून नखाने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने वेढे पुढे दाबा. संपायला सात-आठ वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास ब्लँकवर आडवा ठेवा आणि उरलेले वेढे त्याच्यावरून घ्या. मग मुख्य दोरा अंगठ्याखाली धरून कापा, टोक फासातून ओवा आणि फास ओढा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. ते ओढून ताणून, ब्लेड आडवं धरून कापा. सगळे गाइड बांधून झाले की गरवायची रीळ जागेवर लावून एका रेषेत आहेत का बघा. आत्ता सरकवता येतात, एपॉक्सीनंतर नाही.

एपॉक्सीवर थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. हे काम रॉडसाठी बनवलेल्या लवचीक, पारदर्शक फिनिशचं आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं अॅराल्डाइट मुठीसाठी आणि रीळ सीटसाठी (रीळ जिच्यावर बसते त्या बैठकीसाठी) उत्तम, पण दोऱ्यावर ते जाड बसतं आणि पिवळं पडतं. टेबलं ओतायचं कास्टिंग रेझिनही नको. ते जाड थरात तापून सुकतं, पातळ थरात दिवसेंदिवस चिकट राहतं.

रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचं प्रमाण बहुतेक फिनिशमध्ये आकारमानाने १:१ असतं. सात गाइडच्या एका थराला २-२ मिली खूप झालं, तरी ३-३ मिली घ्या, कारण इतक्या कमी मापात एका थेंबाची चूकही मोठी ठरते. सुकलं नाही तर हार्डनर वाढवावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. जादा हार्डनर सोबत्याशिवाय उरतो आणि थर कायमचा चिवट राहतो. मोजायला सिरिंज वापराल तर रबरी दट्ट्याची नको. त्या रबराला सिलिकॉनचं वंगण असतं, आणि त्याचा अंश जरी मिसळला तरी फिनिश दोऱ्यावरून मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रबर नसलेली, सगळी प्लास्टिकची सिरिंज घ्या. हाताला क्रीम किंवा केसांना लावायचं सीरम लावून दोरा गुंडाळलात तरी हेच खड्डे.

सपाट तळाच्या छोट्या कपात, आइस्क्रीमच्या काडीने, हळू हळू, पूर्ण चार मिनिटं ढवळा. कडा आणि तळ खरवडत रहा. ढवळून झालं की मिश्रण अॅल्युमिनियम फॉइलवर ओता. पसरलं की बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि उष्णता साचत नसल्यामुळे ते जास्त वेळ ओतीव राहतं. कपातच ठेवलं तर वीसएक मिनिटांत दाट होऊ लागतं. पहिला थर पातळच द्या, जेमतेम दोरा भिजेल इतका. पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली जे बोगदे असतात ते आधी भरा, नाहीतर तिथली हवा तासाभराने बुडबुडा होऊन वर येते. फिनिश दोऱ्याच्या पुढे ब्लँकवर मिलिमीटरभर जावं, म्हणजे पाणी शिरायची वाट बंद. बुडबुडे राहिले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर खालून फिरवा. मेणबत्ती वापराल तर काजळी बसते.

आता रॉड फिरता ठेवायचा. जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीखालची मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ती या कामाला अगदी बेतशीर आहे. मोटरवर छापलेला व्होल्टेज आधी वाचा, सगळ्या २३० व्होल्टच्या नसतात, आणि उघडी टोकं नीट झाका. बाटलीचं झाकण दांड्याला लावून त्यात बुडखा रबरबँडने अडकवला की झालं. मोटर नसेल तर पहिला तास दर तीन-चार मिनिटांनी अर्धा फेरा, पुढचे दोन तास दर दहा मिनिटांनी. एक बारीक युक्ती: लावून दहा मिनिटं झाली की फिरवणं थांबवा. जादा फिनिश खालच्या बाजूला थेंबासारखं उतरतं. कोरड्या ब्रशच्या टोकाने ते टिपून घ्या आणि पुन्हा फिरवा. गाइडच्या दोऱ्यावर लिंबाएवढे फुगीर गोळे दिसतात ते रॉड ही पायरी चुकवलेले असतात. दुसरा थर २४ तासांच्या आसपास द्या. त्याहून उशीर झाला तर ६०० च्या पेपरने चमक मारून, पुसून, मगच द्या, नाहीतर दुसरा थर साल सुटावी तसा सुटतो.

आणि पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. दर्याही खवळलेला, त्यामुळे किनाऱ्यावरून गरवणारेही घरी. रॉडची कामं नेमकी याच दिवसांत निघतात, आणि एपॉक्सीला वर्षातले सगळ्यात वाईट दिवस हेच. हवेतल्या दमटपणाने हार्डनरमधला अमाइन वर येऊन पांढुरका, मेणचट थर धरतो. तो दिसला तर अल्कोहोल लावून पसरवू नका. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घेऊन धुवा, सुकवा, हलका घासा आणि नवा थर द्या. शक्य असेल तर एसीच्या खोलीत ‘ड्राय’ मोडवर, २४-२५ अंशांवर काम करा. एसी नसेल तर कानशीचं, दोऱ्याचं, मुठीचं काम आषाढात उरकून घ्या आणि फिनिश पाऊस सरल्यावर करा. बांधलेला दोरा तोवर कागदात गुंडाळून ठेवलात तर त्याला काही होत नाही.

मध्येच मोडलेल्या रॉडचं विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण त्यावरच सर्वाधिक चुकीचे सल्ले फिरतात. पोकळीत खिळा, तार, बांबूची काडी घालून अॅराल्डाइट भरलेला रॉड आठवडाभर टिकतो. योग्य भर म्हणजे दुसऱ्या मोडक्या रॉडचा उतरत्या जाडीचा तुकडा, शक्यतो फायबरग्लासचा, कारण तो कार्बनपेक्षा जास्त वाकू देतो. मोडीपाशी ब्लँक ८ मिमी असेल तर भर दोन्ही बाजूंना ४-५ सेंमी जावी. कुसं काढून दोन्ही टोकं धड भागापर्यंत कापा. भरीचं निमुळतं टोक पुढे करून ती खालच्या तुकड्याच्या जाड तोंडातून वर सरकवा. अर्धी बाहेर आल्यावर ती स्वतःच घट्ट अडकली पाहिजे. खडखड वाजत असेल तर भर बदला, एपॉक्सीने फट भरू नका. आधी कोरडी बसवून खुणा करा, मग हळू सुकणारं एपॉक्सी लावून बसवा. भर पोकळच हवी, नाहीतर आत कोंडलेली हवा तिला बाहेर ढकलते. भरीची दोन्ही टोकं आतून तासून पातळ केलीत तर बाक एकदम अडत नाही. दुसऱ्या दिवशी मोडीवर आणि दोन्हीकडे दोन-दोन सेंमी दोरा बांधून फिनिश द्या. रॉडचे दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या सांध्याच्या तोंडाला उभी चीर असेल तर तिथे १५-२० मिमी दोरा आणि फिनिश पुरतं. चीर त्याच्या पलीकडे गेली असेल तर तो तुकडाच बदलायला झाला.

हे सगळं हाताला आलं की नवा रॉड. खाडीत जिताडा, तांबोशीसाठी ७ फुटी, मध्यम ताकदीचा, ७ ते २८ ग्रॅमचा, दोन तुकड्यांचा ब्लँक सुरुवातीला बरा. कांदळवनाच्या मुळांजवळ टाकणार असाल तर एक पायरी जड, कारण तांबोशी गळ घेताच मुळांत शिरते. ब्लँक टेबलावर टेकवून दाबत फिरवला की एका बाजूला तो टुणकन उडी घेतो. ती त्याची पाठ. तिच्यावर वाद घालणारे खूप. स्पिनिंग रॉडमध्ये गाइड खाली लोंबतात, त्यामुळे तो ताणाखाली पीळ खात नाही. म्हणून पाठीपेक्षा ब्लँक सरळ कुठून दिसतो ते बघा आणि जो काही बारीक बाक असेल तो शेंडा वर उचलेल असा ठेवा.

गाइड सात आणि टिपटॉप. टोकापासून १०, २१, ३३.५, ४८, ६५.५, ८८ आणि ११६ सेंमी ही सुरुवात धरा. रिंगा रिळेकडून २५, १६, १२ आणि पुढच्या चार ८ मिमीच्या. ब्रेड आणि तंगूस जोडलेली गाठ ८ मधून सहज जाते, ५ मध्ये अडखळते. हे आकडे छापील सत्य नव्हेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या दोन मिलिमीटरच्या चकत्या कापून त्यांनी गाइड तात्पुरते अडकवा, दोरी ओवा आणि टोक खाली बांधून रॉड चांगला वाकवा. कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. दोन गाइडच्या मध्ये दोरी बाकाला सोडून धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी सरळ जात असेल तर तिथे गाइड जवळ आणा. मग दोन-चार फेका मारून बघा. दोरी रिळेजवळच्या मोठ्या गाइडवर फटफट आपटत असेल तर तो दोन-दोन सेंमी पुढे-मागे करा.

रीळ सीट ब्लँकपेक्षा बरीच सैल असते. फट भरायला चिकटपट्टीचे वेढे द्यायची जुनी पद्धत आहे, पण कागदी पट्टी पाणी पिते आणि वर्ष-दोन वर्षांत सीट गरगर फिरू लागते. रंगाच्या दुकानात जिप्समच्या सांध्यांवर लावायची जाळीदार फायबरग्लास पट्टी मिळते, ती घ्या. एपॉक्सीत भिजवत तिचे तीन कडे करा, कड्यांमधली जागाही एपॉक्सीने भरा. सीट सरकवल्यावर लगेच रीळ लावून गाइडशी रेषा जुळवा. आधी मागची मूठ, मग सीट, मग पुढची मूठ, आणि सगळं शेंड्याच्या बाजूने ओवत खाली. ईव्हीए फोमचं भोक ब्लँकपेक्षा १-२ मिमी लहान ठेवा, ओलं एपॉक्सीच वंगणाचं काम करतं. बुचाच्या १२-१३ मिमीच्या चकत्या घ्याल तर त्या ड्रिलमध्ये दांडा धरून ८०, १२०, २२० अशा पेपरांनी घासता येतात. पांढरे भुसभुशीत डाग असलेल्या चकत्या टोकाला ठेवू नका, तिथूनच कोपरे झडतात.

फिनिश हाताला दोन दिवसांत कडक लागलं तरी वापरायला पुरता आठवडा जाऊ द्या. मग अंगणात किंवा गच्चीवर, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना हे बघून (कार्बनमधून वीज आरपार जाते), दोरीला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधा. मूठ जमिनीशी ४५ अंशांवर धरून बाटली हळू उचला, मग एक लिटरची उचला. कान रॉडकडे ठेवा. ‘टिक’ असा बारीक आवाज आला तर थांबा, गाइडचे पाय एकेक करून भिंगाखाली बघा. पायाच्या टोकाशी फिनिशमध्ये आडवी पांढरी रेघ दिसली तर तेवढ्याच गाइडचा दोरा काढून पाय पुन्हा घासायचा आणि नव्याने बांधायचा.